घरची लेथ: कर्ज, काळी माती आणि थ्री फेज

नगर जिल्ह्यात कुणी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथ घेतली की बघायला येणारे दोनच गोष्टी विचारतात: कितीला पडली, आणि सबसिडी किती बसली. तिसरे काही विचारणारा क्वचित भेटतो, आणि तो बहुधा साखर कारखान्यातून निवृत्त झालेला टर्नर असतो. तो चकला हात लावत नाही, नव्या रंगाचे कौतुक करत नाही. खाली वाकून मशीनचे पाय बघतो, मग मान वर करून खांबाकडे बघतो आणि विचारतो, ‘‘खाली काय टाकलंय? आणि लाइन गावठाणची का शेतीची?’’

माझ्या मते अर्ध्याहून अधिक विषय त्या दोन प्रश्नांत आला. बँक कर्ज देते ते लोखंडाला. मशीन अचूक चालणार की नाही हे खालची जमीन ठरवते आणि रोज चालणार की नाही हे वरची तार ठरवते. प्रोजेक्ट रिपोर्टात मात्र या दोन्हींचा खर्च शेवटच्या ओळीत ‘इतर’ म्हणून उरकलेला असतो.

घरात मोठी लेथ हे ऐकून इंग्लंड-अमेरिकेतल्या हौशी कारागिरांची आठवण होणाऱ्यांना आधीच सांगितलेले बरे, की आपला मामला वेगळा आहे. तिकडे मायफोर्डसारख्या कंपन्यांनी खास घरगुती छोट्या लेथ बनवल्या, आणि लोकांनी त्यांच्यावर वाफेच्या इंजिनांची खेळणी बनवत आयुष्य काढले. आपल्याकडे लेथ घरी येते कारण एमआयडीसीतला गाळा परवडत नाही, घरच्या जागेला भाडे नाही, आणि रात्री दहाला कुणाची मोटार जळाली तर शाफ्ट तेव्हाच बघता येतो. हौस असतेच, पण ती हप्त्याच्या मागे उभी असते.

या जिल्ह्यात अशा लेथना काम कमी नाही. बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना हरेगावला आला. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, आणि त्यापाठोपाठ कोपरगाव, संगमनेर, राहुरी, नेवासे अशी धुराडी उभी राहत गेली. प्रत्येक कारखान्याला वर्कशॉप, वर्कशॉपात लांब बेडच्या लेथ, आणि त्यांवर हात बसलेली माणसे. दुसरी शाळा नगर शहरातली. कायनेटिकने १९७२ मध्ये ‘लुना’ आणली, नागापूरच्या एमआयडीसीत लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअरचा कारखाना आला, क्रॉम्प्टनचाही तिथेच; आता सुप्याला नवी वसाहत वाढली आहे. या सगळ्यांना सुटे भाग पुरवता पुरवता आयटीआयची पोरे टर्नर झाली. त्यांतल्या काहींनी नोकरी सुटल्यावर, काहींनी सोडून, घरी मशीन टाकले. कामे ठरलेली: पाण्याच्या मोटारीचे शाफ्ट आणि बुश, पिठाच्या गिरणीचे स्पिंडल, ट्रॉलीचे अॅक्सल, पेरणी यंत्राचे भाग, गुऱ्हाळाच्या चरकाची दुरुस्ती, बोअरच्या पाइपांचे आटे. जून ते सप्टेंबर कारखान्यांच्या दुरुस्तीचा काळ; तेव्हा मोठ्या ठेकेदारांच्या हातून निसटलेली कामे गावात येतात.

‘मोठी’ म्हणजे किती, हेही स्पष्ट हवे. गावच्या भाषेत लेथ बेडच्या लांबीवरून ओळखतात. सहा फुटी ऑल-गिअर लेथ साधारण एक टनाच्या आसपास भरते, आठ फुटी भारी मशीन दीड ते दोन टन, आणि दहा-बारा फुटीला अडीच-तीन टनांच्या पुढचा हिशेब धरावा लागतो. ट्रॅक्टरचा अॅक्सल किंवा लांब पंपाचा शाफ्ट घ्यायचा तर आठ फुटांखाली भागत नाही. गॅप-बेड असेल तर चकाजवळचा तुकडा काढून मोठ्या व्यासाची पुली किंवा फ्लँज घेता येते. खेड्यातल्या कामाला ही सोय लांबीइतकीच उपयोगी.

आता पैशाकडे येऊ.

लेथसाठी हप्त्याने पैसा ही काही मुद्रा योजनेची देणगी नव्हे. राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ १९५५ मध्ये स्थापन झाले आणि त्याने भाडेखरेदीवर मशीन देण्याची पद्धत आणली: मशीन महामंडळाच्या मालकीचे, हप्ते फिटले की तुमचे. त्याच दशकात राज्यांची वित्तीय महामंडळे उभी राहिली. मशीनही इथलेच मिळू लागले होते. किर्लोस्करांनी हरिहरला १९४१ मध्ये म्हैसूर किर्लोस्कर काढली आणि तिच्या लेथ देशभर गेल्या. बंगळुरूत एचएमटी १९५३ मध्ये सुरू झाली. म्हैसूर किर्लोस्कर पुढे बंद पडली, एचएमटीचीही रया गेली, पण त्यांच्या ओतीव लोखंडाचे बेड अजून भोसरी, सातपूर, वाळूजच्या जुन्या मशीनच्या बाजारात फिरताना दिसतात. हा तपशील पुढे लागणार आहे.

आज घरच्या लेथसाठी तीन-चार दारे आहेत. पहिले, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. तो २००८ पासूनचा. २०२२ मध्ये उत्पादन उद्योगासाठी प्रकल्प खर्चाची मर्यादा २५ लाखांवरून ५० लाख झाली. ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदाराला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, माजी सैनिक वगैरेंना ३५ टक्के अनुदान. शहरात अनुक्रमे १५ आणि २५. स्वतःचा हिस्सा १० टक्के, विशेष गटांना ५. जमिनीची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. उद्योग नवा लागतो. चालू वर्कशॉपला दुसरी लेथ या दारातून सहसा मिळत नाही. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ चा, घाट तोच, आणि तोही जिल्हा उद्योग केंद्र आणि खादी मंडळातूनच चालतो.

दुसरे दार मुद्रा. २०१५ पासून १० लाखांपर्यंत, आणि ‘तरुण’ गटातले कर्ज व्यवस्थित फेडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंत. यात अनुदान नाही, पण तारणही मागायचे नसते. नियम असा, शाखेतला अनुभव माणसागणिक वेगळा. तिसरे, अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा, मराठा आणि स्वतंत्र महामंडळ नसलेल्या समाजांतल्या तरुणांसाठी. यातली मेख अशी, की हप्ता आधी तुम्ही वेळेवर भरायचा, व्याज मागून खात्यात येते; आधी पैसा नसलेल्याला मागून येणाऱ्या पैशाचा आधार किती, हे ज्याचे त्याने बघावे. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेचा बोलबाला २०२३ पासून आहे. तिच्या १८ व्यवसायांत लोहार आहे, सुतार आहे, कुलूप बनवणारा आहे; टर्नर नाही. लोहाराचा पोरगा लेथवर गेला की तो विश्वकर्म्याच्या यादीतून बाहेर पडतो, ही गंमत योजना करणाऱ्यांच्या लक्षात आली नसावी.

चौथे दार पतसंस्था आणि सहकारी बँकांचे. नगर हा पतसंस्थांचा जिल्हा. दर तिसऱ्या चौकात एक फलक. व्याज बँकेपेक्षा जास्त, पण कर्ज लवकर मिळते, कारण संचालक तुमच्या वडिलांना ओळखतो. या ओळखीची दुसरी बाजू जिल्ह्याने चांगलीच पाहिली आहे: १९१० पासूनची नगर अर्बन बँक, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. कर्जदाराला अशा वेळी कर्ज फेडावे लागतेच. ज्याच्या ठेवी आणि चालू खाते तिथेच होते त्याची दोन्हीकडून अडचण. म्हणून कर्ज एका ठिकाणी आणि रोजचा गल्ला दुसऱ्या ठिकाणी ठेवणे ही साधी शिस्त सोडू नये.

एक हिशेब मांडून बघू. आठ फुटी नवी लेथ ६ लाखांची धरली. तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ८ हजार. चक, स्टेडी, टूल, मोजमापाची साधने, पाया, वायरिंग, वाहतूक आणि थोडे खेळते भांडवल धरून प्रकल्प ९ लाखांचा झाला. ग्रामीण भागातल्या सर्वसाधारण अर्जदाराचा हिस्सा ९० हजार, बँकेचे कर्ज ८ लाख १० हजार, अनुदान २ लाख २५ हजार. हे अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षे मुदत ठेवीसारखे अडकून पडते. त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. उद्योग चालू आहे हे तपासून मग ते कर्जात वळते होते. उरलेल्या ५ लाख ८५ हजारांवर ११ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता येतो सुमारे १२,७२०. तासाला ३०० रुपये मजुरी धरली तर हप्त्यापुरतेच महिन्याला ४२ तास चक फिरला पाहिजे. फिरला म्हणजे कापत फिरला. जॉब बांधणे, टूल घासणे, गिऱ्हाइकाशी बोलणे आणि लाइनची वाट बघणे यांचे पैसे कुणी देत नाही. वीज, टूल आणि टर्नरचे स्वतःचे पोट त्यानंतर.

हा आकडा झेपणारा आहे. अडचण आकड्यात नाही, त्याच्या वाटपात आहे. सबसिडीच्या फाइलला नव्या मशीनचे, जीएसटीसकट पक्के कोटेशन लागते. जुन्या मशीनला कर्ज द्यायचे तर बँक मूल्यांकनदाराचा दाखला, उरलेले आयुष्य असे बरेच मागते, आणि बहुतेक शाखा व्यवस्थापक त्या भानगडीत पडत नाहीत. परिणाम असा, की सहा लाखांत मिळणारी हलकी नवी लेथ कर्जावर येते, आणि त्याच किमतीत किंवा त्याहून कमी किमतीत मिळणारी, दुप्पट जड, जुनी एचएमटी किंवा किर्लोस्कर भोसरीतच राहते. काही विक्रेते तर अर्जदाराचा दहा टक्के हिस्साही कोटेशन फुगवून ‘सांभाळून’ घेतात. तो सांभाळ शेवटी हप्त्यातूनच वसूल होतो, सव्याज.

राजकोट आणि बटाल्याहून येणाऱ्या नव्या लेथ सगळ्याच वाईट, असे मी म्हणत नाही. तिथे चांगले कारखानेही आहेत, आणि जुने मशीन घेणाऱ्याचे हात पोळलेले कमी नाहीत. पण लेथचे वजन म्हणजे नुसता भाडेखर्च नव्हे. जड बेड कापताना थरथरत नाही, आणि वर्षानुवर्षे ताण निघून गेलेले ओतीव लोखंड आता आणखी वाकणार नसते. जुन्या लेथमध्ये बघायचे ते बेड. चकापासून फूट-दीड फूट अंतरात कॅरेज सर्वांत जास्त फिरते, झीजही तिथेच होते. कॅरेज चकाजवळ नेऊन तिची घट्टाई नीट बसवायची आणि मग टेलस्टॉकच्या टोकाकडे सरकवायची: टोकाला ती अडली, तर चकाजवळच्या झिजेचा अंदाज तिथेच येतो. स्पिंडलमध्ये लांब गज धरून पहारीने हलके उचलून डायलची सुई किती हलते ते बघायचे. सगळे गिअर एकेक टाकून आवाज ऐकायचा. हाफ-नट आणि लीड स्क्रू घासलेला असेल तर आटे पाडण्याची कामे विसरायची. नवा रंग लावलेल्या मशीनकडे संशयाने बघावे, कारण रंग स्वस्त असतो. लेथची अचूकता तपासण्याचे कोष्टक जर्मन अभियंता गेऑर्ग श्लेसिंगर यांनी १९२७ मध्ये मांडले आणि आजच्या चाचण्या त्याच वळणाच्या आहेत. नवे मशीन घेणाऱ्यानेही विक्रेत्याकडे असा चाचणी तक्ता मागावा. तो नाही म्हणाला, तर तेही एक उत्तरच आहे.

माझे स्पष्ट मत: बँकेचे कर्ज हवेच असेल आणि नवे मशीन घेणे भाग असेल तर आठ फुटीचा मोह सोडून सहा फुटी पण जड लेथ घ्यावी, आणि वाचलेला पैसा पायात आणि लाइनमध्ये घालावा. पुढच्या अडचणी वाचल्यावर हे मत पटावे.

पहिली अडचण खालच्या जमिनीची. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी श्रीरामपूर-राहुरीचा पट्टा भिजवला. गोदावरीच्या कालव्यांनी कोपरगाव-राहाता. मुळा धरणाने राहुरी, नेवासे. जिल्ह्यातला पैसा आणि म्हणून लेथची कामे याच पट्ट्यात, आणि नेमकी याच पट्ट्यात खोल काळी माती. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भेग एवढी पडते की त्यात हात जावा. घराच्या भिंतींना पडलेल्या तिरक्या चिरा कोपरगाव-राहात्यात कुणाला दाखवाव्या लागत नाहीत. या मातीवर चार इंच कोबा करून दोन टनांची लेथ ठेवली, तर जूनमध्ये बसवलेली सरळ रेषा ऑक्टोबरात तिरकी होते. मशीन पडत नाही, कुणाला दिसतही नाही. फक्त शाफ्ट एका टोकाला बारीक यायला लागतो आणि टर्नर टेलस्टॉकला दोष देत बसतो. पारनेर, नगर, पाथर्डी, जामखेडच्या माळरानावरच्या माणसाला शेतीत जे दुःख आहे ते इथे सुख: दोन फुटांवर मुरूम, खाली खडक. त्याला अर्ध्या खर्चात पक्का पाया मिळतो.

काळ्या मातीत काय करायचे? मुरूम लागेपर्यंत काळी माती काढायची. फार खोल असेल तर निदान चार-पाच फूट, आणि मशीनच्या ठशापेक्षा चहूबाजूंनी फूट-दीड फूट रुंद. मग मुरमाचे सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून धुमसाने दाबायचे. त्यावर साधे काँक्रीट, त्यावर दोन जाळ्यांचे सळईचे काँक्रीट नऊ ते बारा इंच. फाउंडेशन बोल्टसाठी जागा आधीच लाकडी ठोकळे घालून रिकाम्या ठेवायच्या, बोल्ट मशीन बसवताना न आकसणाऱ्या ग्राउटने भरायचे. हा ठोकळा शेडच्या भिंतीपासून आणि उरलेल्या जमिनीपासून एका फटीने वेगळा ठेवावा, फटीत थर्मोकोल किंवा डांबरी पट्टी. म्हणजे मशीनची थरथर शेजाऱ्याच्या भिंतीत जात नाही आणि शेजारच्या रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रकची थरथर मशीनमध्ये येत नाही. शेडभोवतीचे पावसाचे पाणी दूर नेणारी नाली हा पायाचाच भाग समजावा. पत्र्याची पन्हाळ थेट पायाशेजारी ओतत असेल तर वरचे सगळे काम वाया. आणि काँक्रीट २८ दिवस भिजवायचे. मशीन दारात ट्रकवर उभे असताना २८ दिवस कुणी थांबत नाही, म्हणून पाया आधी आणि ऑर्डर नंतर.

उतरवण्याबद्दल थोडक्यात. हायड्रा क्रेन मिळत असेल तर पैसे वाचवू नयेत. लेथचा तोल हेडस्टॉककडे असतो. म्हणून टेलस्टॉक आणि कॅरेज शेवटच्या टोकाला नेऊन घट्ट करतात आणि पट्टा बेडखालून घेतात, लीड स्क्रूवरून कधीच नाही. शेडची उंची कमी असेल तर हायड्रा दारापर्यंत, पुढे पाइपांवर पहारीने सरकवत. ज्या विक्रेत्याची किंमत ‘एक्स-गोडाऊन’ आहे त्याची जबाबदारी गोडाऊनच्या दारातच संपलेली असते. वाटेत मशीन उलटले तर नुकसान तुमचे. वाहतुकीच्या विम्याला हजार-दोन हजारांसाठी नाही म्हणू नये.

आता लेव्हल. ही गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे, कारण इथे घाई केलेली दहापैकी नऊ शेडमध्ये दिसते. गवंड्याची लेव्हल इथे कामाची नाही. मशीन लेव्हल लागते, जिच्या एका रेघेचा अर्थ मीटरला ०.०२ मिलिमीटर. ती विकत घेण्यापेक्षा नागापूरच्या एखाद्या ओळखीच्या कारखान्यातून दोन दिवस मागून आणावी. बेडच्या लांबीत थोडा उतार असला तरी कापण्यात फारसे बिघडत नाही. बिघडते ते पिळाने. म्हणून लेव्हल आडवी ठेवतात: आधी हेडस्टॉकजवळ, मग टेलस्टॉकच्या टोकाला, आणि दोन्हीकडे बुडबुडा एकाच रेघेवर आला पाहिजे. नाही आला तर टोकाच्या पायाखाली पत्र्याची पट्टी सारायची, बोल्ट आवळायचा, पुन्हा बघायचे. बोल्ट आवळताना बुडबुडा हलतो, म्हणून हे काम अर्ध्या दिवसाखाली होत नाही. मग खरी परीक्षा. साधारण ५० मिलिमीटर जाडीचा गज चकात धरायचा, टेलस्टॉकचा आधार न देता, आणि त्यावर आठ-दहा इंचांच्या अंतरावर दोन कडी ठेवून मधला भाग आधीच कमी करून घ्यायचा. दोन्ही कड्यांवर एकाच बसणीत, एकाच टूलने, अगदी बारीक कट मारायचा आणि मायक्रोमीटर लावायचा. दोन्ही मापे ०.०२ मिलिमीटरच्या आत सारखी आली तर बेड सरळ. फरक आला तर लेव्हल काहीही सांगो, पट्टी अजून हलवायची आहे. हेच महिन्याने एकदा, आणि पहिला पावसाळा संपल्यावर एकदा करायचे. काळ्या मातीच्या पट्ट्यात दर दिवाळीला करणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचे शाफ्ट शोधत लोक तालुका ओलांडून येतात.

विजेची कहाणी याहून गुंतागुंतीची. घरात सिंगल फेज. लेथची मोटार ३, ५ किंवा साडेसात हॉर्सपॉवरची, थ्री फेज. गावठाणात राहणाऱ्याला महावितरणकडे लघुदाब औद्योगिक जोडणी मागता येते. २० किलोवॉटपर्यंतच्या लहान उद्योगांचा वेगळा दर आहे आणि घरची लेथ त्यात आरामात बसते. खांब जवळ असेल तर काम सोपे. तो लांब असेल तर तारा-खांबांचा खर्च अर्जदाराच्या गळ्यात पडतो, आणि तो कधीकधी पायाच्या खर्चाला मागे टाकतो. म्हणून मशीनचे कोटेशन आणण्याआधी विजेचे कोटेशन आणावे.

खरी पंचाईत वस्तीवर राहणाऱ्यांची. नगर जिल्ह्यात बरीच माणसे गावात नव्हे, मळ्यात राहतात. मळ्यात थ्री फेज आहे, पण ती कृषी फीडरची: दिवसा आठ तास किंवा रात्री, पाळीपाळीने. विहिरीच्या मोटारीच्या स्टार्टरवरून केबल ओढून लेथ चालवणे सोपे दिसते, आणि कुणीकुणी चालवतातही. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली हा अनधिकृत वापर ठरतो. पकडले तर दुप्पट दराने आकारणी, आणि कधीपासून चालू आहे हे ठरवता आले नाही तर मागच्या बारा महिन्यांची. घरगुती मीटरवर धंदा चालवला तरी कलम तेच.

उरलेल्या वेळात मळ्यातला माणूस जुनी युक्ती करतो: कपॅसिटर लावून दोन फेजवर मोटार. विहिरीची मोटार अशी चालते, कारण ती एकदा सुरू झाली की तासन्‌तास एकाच दिशेने फिरते. लेथ तासात कित्येकदा सुरू-बंद होते, आटे पाडताना उलटी फिरते, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. दोन फेजवर असे चार दिवस चालवा, पाचव्या दिवशी रिवायंडिंगवाल्याकडे जा.

सिंगल फेजवर व्हीएफडी, म्हणजे तिच्यातून थ्री फेज बनवणारा ड्राइव्ह, बसवणे हा त्यापेक्षा शहाणा उपाय. वेग हवा तसा बदलता येतो, सुरुवातीचा झटका जातो. मात्र एक खोच विक्रेते सांगत नाहीत. आपल्याकडे साधारण दोन हॉर्सपॉवरपर्यंतच्या मोटारी ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात. त्या डेल्टात बदलल्या की २३० व्होल्टच्या व्हीएफडीवर पूर्ण ताकद देतात. तीन हॉर्सपॉवर आणि वरच्या मोटारी आधीच डेल्टात असतात. त्यांना २३० व्होल्ट दिले तर फिरतात, पण जोराचा कट घेतला की बसतात. म्हणजे सिंगल फेजवर मोठी लेथ चालते ती लहान मोटार घालून, हलके कट घेऊन. दुरुस्तीच्या कामाला ते पुरतेही; गठ्ठ्याने माल काढायला नाही. जनरेटरचा हिशेब डिझेलच्या भावाने कधीच जमत नाही, तो सोडून द्यावा. आणि जोडणी कोणतीही असो, अर्थिंगचा खड्डा वेगळा, कोळसा-मीठ घालून, उन्हाळ्यात पाणी ओतण्याची सोय ठेवून. मे महिन्यात माळाची जमीन कोरडी ठणठणीत झाली की अर्थिंग नावापुरतेच उरते.

कागदांचे जंजाळ वाटते तेवढे मोठे नाही. उद्यम नोंदणी जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि फुकट आहे. एजंटाला पैसे देण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला घ्यावा, शेतजमिनीवर शेड असेल तर बिगरशेतीचा प्रश्न तलाठ्याकडे आधी विचारून ठेवावा, कारण बँकेचा वकील तो विचारणारच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. लेथ त्यामानाने शांत. बोंब होते ती ग्राइंडर आणि हातोड्याची. विम्याचे मात्र विसरू नये: घराच्या विम्यात धंद्याचे मशीन येत नाही. लहान उद्योगांसाठी २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची ठरावीक पॉलिसी आहे, ती घ्यावी. आणि घरातली लेथ म्हणून एक सांगणे: थंडीत मफलर गुंडाळून, शर्टाच्या बाह्या सोडून चकापुढे उभे राहणारे अजून दिसतात. चकाची किल्ली चकातच विसरणे आणि मफलर, हे दोन शत्रू. मुलांना शेडचे दार बंद दिसले पाहिजे.

शेवटी परत पैशाकडे, पण वेगळ्या बाजूने. बँकेचा हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला. गिऱ्हाइकाचा पैसा उसाच्या पेमेंटवर. कायद्याने कारखान्याने ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाची सरकारने ठरवलेली किमान किंमत, द्यायची असते. कारखाने ती किती वेळा थकवतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. त्याची मोटार जूनमध्ये दुरुस्त होते आणि तो म्हणतो, ‘‘पेमेंट झालं की देतो.’’ तो बुडवत नाही, पण टर्नरचे पाच-सहा हप्ते त्याआधी येऊन जातात. दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो, म्हणून गायी असलेल्या गिऱ्हाइकाची उधारी लवकर फिटते, हे श्रीरामपूर-राहात्याचा प्रत्येक वर्कशॉपवाला जाणतो आणि त्याप्रमाणे उधार देतो.

त्यामुळे खेळते भांडवल मशीनच्या किमतीत जिरवू नये, हा सल्ला मी तरी सगळ्यात वर ठेवीन. निदान सहा हप्त्यांची रक्कम वेगळी हवी, आणि ती पहिल्या दिवशी नसेल तर पिग्मीने जमवावी: एजंट रोज संध्याकाळी शेडवर येतो, तीनशे-चारशे रुपये घेऊन जातो, आणि महिनाअखेर हप्त्याला हात पसरावा लागत नाही. पिग्मीवर व्याज नाममात्र असते, काही ठिकाणी मुदतीआधी मोडली तर दंडही. तरी ती घरातल्या डब्यापेक्षा बरी, कारण डब्यातल्या पैशाला लग्नसराई माहीत असते. कर्ज घेतानाच शाखेत विचारून ठेवावे, की पाया आणि लाइन होईपर्यंत हप्त्याला चार-सहा महिने सवड मिळेल का. योजनांमध्ये तशी तरतूद असते. मागितल्याशिवाय कुणी देत नाही. मशीन येऊन पडले, मीटर आलेले नाही आणि हप्ता सुरू झाला, अशा शेड जिल्ह्यात हव्या तेवढ्या दाखवता येतील. त्यांतल्या बहुतेकांनी मशीन पहिले मागवले होते.